टोपण लावलेली लाईन

ऑपरेटरबाईंनी टेलिफोन एक्सचेंजमध्ये एकतीस वर्षं काढली. त्यातली पहिली अकरा जुन्या बोर्डवर, म्हणजे समोर भोकांची भिंत, कानाला हेडफोन आणि दोन्ही हातांत वायरी. पुढे यंत्रं आली, बाईंना बढती मिळाली, गोल फिरणारी खुर्ची मिळाली. पण बोलायच्या त्या फक्त पहिल्या अकरा वर्षांबद्दल. "एकही कॉल चुकीच्या घरी गेला नाही," हे त्यांचं वाक्य घरात इतक्यांदा म्हटलं गेलं होतं की ते सुरू झालं की नाना, म्हणजे त्यांचे यजमान, चष्मा पुसायला घेत. इमारतीतही त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. ऑपरेटरबाई म्हटलं की पुरे.

त्या गुरुवारी घरातल्या प्रत्येकाचं लक्ष घड्याळाकडे होतं, आणि त्याला कारण होतं सूनबाई.

सून खोल्यांची अंतर्गत सजावट करायची. भिंत कुठल्या रंगाची, कपाट कुठे, दिवा किती उंचीवर, हे सगळं आधी कॉम्प्युटरवर उभं करून दाखवायचं आणि मग सुतार-रंगाऱ्यांना कामाला लावायचं. आठ वर्षं तिने हे एका मोठ्या ऑफिसात केलं. तीन महिन्यांपूर्वी नोकरी सोडली, मागच्या खोलीत टेबल मांडलं, मोठा स्क्रीन आणला, टेबलाखाली एक काळा डबा ठेवला आणि त्या डब्यात चित्रं भराभर उमटवणारं एक भलंमोठं ग्राफिक्स कार्ड बसवून घेतलं. तीन महिन्यांत दवाखान्याची एक बाहेरची खोली आणि कुणाचं तरी चपलांचं कपाट एवढीच कामं मिळाली. आणि आता एका जुन्या वाचनालयाचं अख्खं दालन. संध्याकाळी पाच वाजता वाचनालयाची सात माणसांची समिती व्हिडिओ कॉलवर येणार होती आणि सून त्यांना त्या अजून नसलेल्या दालनातून फिरवून आणणार होती. सकाळचं ऊन कुठून येईल, दुपारी कुठे सरकेल, सगळं दाखवणार होती.

त्यात तिच्या जुन्या साहेबांनी तिची खुर्ची रिकामी ठेवली होती. "गुरुवारी सातपर्यंत कळव. येणार असशील तर सोमवारपासून ये, नाहीतर मी दुसरं माणूस घेतो," असं त्यांनी सांगितलं होतं.

"हे काम मिळालं तर माझं चाललं म्हणायचं," सून बुधवारी जेवताना म्हणाली होती. "नाही मिळालं तर जाते परत. त्यात काय!"

ती हसली होती, पण तिच्याबरोबर कोणी हसलं नाही. मुलगा आठवडाभर कामासाठी बाहेर होता, त्यालाही फोनवर तेच सांगून झालं होतं. बाईंना मनातून वाटायचं, पोरीने परत जाऊ नये. नोकरीत असताना ती घरी यायची ती तोंडाला कुलूप लावूनच. आता काम करता करता गुणगुणते. बेसूर गुणगुणते, पण गुणगुणते. बाईंना ते ऐकायची सवय लागली होती आणि ती मोडायला नको होती.

टेबल मांडलं त्या दिवशी सून म्हणाली होती, "आई, सगळं घर तुमचं. फक्त एवढं एक टेबल माझ्याकडे राहू दे." गोड बोलली, पण बोलली. बाईंनी कानाला खडा लावला. तीन महिने त्यांचं फडकं त्या खोलीत टेबलाच्या पायापर्यंत जाऊन परत फिरत होतं, आणि त्याचा त्यांना थोडा अभिमान आणि बराच त्रास होता.

गुरुवारी सकाळी साडेनऊला सून लाकडाचे आणि कापडाचे नमुने आणायला बाहेर पडली. बाई पडदा सारायला म्हणून खोलीत गेल्या. ऊन थेट टेबलाच्या मागच्या बाजूवर पडलं. डब्याच्या पाठीवर धूळ कसली, चांगली गादी साचली होती. आज इतका मोठा दिवस आणि हे असं! कॉम्प्युटर बंद होता. बाईंनी दाराकडे पाहिलं. नाना बाहेर शब्दकोड्यात बुडाले होते.

बाईंनी पदर खोचला. डब्यामागे हात घालून न बघता एकेक वायर सटासट काढली, तशीच जशी त्या बोर्डवर काढत. कोरड्या फडक्याने पाठ पुसली, जाळीत अडकलेली धूळ जुन्या रंगाच्या ब्रशने काढली आणि वायरी पुन्हा लावायला घेतल्या. बाकीच्या वायरींचं काही अडलं नाही. ज्याचं तोंड जिथे बसतं तिथेच ते बसतं. स्क्रीनची वायर मात्र दोन ठिकाणी बसत होती. वर एक मोकळं भोक होतं. आणि खाली, आडव्या पट्टीत, चार भोकांची रांग होती, त्यातल्या तीन भोकांवर काळी रबरी टोपणं.

इथे एक सांगायला हवं. बाईंच्या बोर्डवर टोपण लावलेलं भोक म्हणजे बंद लाईन. ज्याचा फोन तोडलाय किंवा बिघडलाय त्याच्या भोकात टोपण बसवायचं, म्हणजे चुकूनही तिथे कोणी वायर घालणार नाही. अकरा वर्षं हाताला लागलेलं वळण ते. त्या चार भोकांकडे पाहून बाईंना क्षणभरही शंका आली नाही. सगळी रांगच बंद दिसतेय, एकाचं टोपण तेवढं गळून पडलंय. आणि गंमत म्हणजे ते टोपण टेबलाखालच्या धुळीत सापडलंही. बाईंनी ते पुसलं, चौथ्या भोकावर नीट दाबून बसवलं आणि स्क्रीनची वायर वरच्या मोकळ्या भोकात घातली. सगळं कसं झकास दिसत होतं. फडकं झटकून त्या बाहेर आल्या. सांगायचं काही कारणच नव्हतं. धूळ गेली, एवढंच तर झालं.

साडेअकराला सून नमुन्यांची पिशवी घेऊन आली, कॉम्प्युटर सुरू केला आणि गुणगुणणं थांबलं.

"हे काय झालंय?"

स्क्रीनवरची अक्षरं बोराएवढी झाली होती. सगळंच पसरट आणि फिकट. तिने वाचनालयाचं दालन उघडलं. ते अर्धवट उमटलं, गचके खात थोडंसं वळलं आणि प्रोग्राम "हे दृश्य दाखवता येत नाही" असं सांगून आपोआप बंद पडला. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच.

"काल झोपताना याने अपडेट घेतलं होतं," सून कपाळाला हात लावून म्हणाली. "ड्रायव्हर बिघडवला मेल्याने."

"ड्रायव्हर म्हणजे गं?" दारातून बाईंनी विचारलं.

"कॉम्प्युटर आणि कार्ड यांच्यामधला दुभाषी समजा, आई. कार्ड धडधाकट असलं तरी दुभाष्या वेडा झाला की कुणाचं बोलणं कुणाला कळत नाही."

हे बाईंना एकदम पटलं. मधला माणूस बिघडला की काय होतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक! सून खाली वाकली, डब्यामागे हात घालून तिने चाचपून पाहिलं. "वायरी तर घट्ट आहेत सगळ्या."

घट्ट असणारच, कोणी लावल्यात! हे वाक्य बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्यांना टेबलाबद्दलचं बोलणं आठवलं आणि त्यांनी ओठ मिटले. उगाच आधीच वैतागलेल्या पोरीला आणखी कशाला वैताग द्या? शिवाय बिघाड दुभाष्याचा. फडक्याचा त्यात काय संबंध?

मग ड्रायव्हरमागे हात धुऊन लागणं सुरू झालं. सुनेने आधी जुन्या ड्रायव्हरवर परत जाऊन पाहिलं. कॉम्प्युटर बंद, चालू, अक्षरं बोराएवढी. मग ड्रायव्हर पार पुसून काढला, नवा उतरवून घेतला. तो उतरायला पाऊण तास. बंद, चालू, अक्षरं बोराएवढी. नाना दाराशी खुर्ची टाकून बसले होते आणि शब्दकोड्याच्या कोपऱ्यात प्रत्येक वेळी एक रेघ ओढत होते.

"सात वेळा बंद-चालू," ते म्हणाले. "माणूस असता तर एव्हाना रजेवर गेला असता."

सून हसली नाही. दुपारचं जेवणही तिने एका हाताने, स्क्रीनकडे बघत उरकलं. बाईंनी न मागता वाढलं आणि न बोलता ताट उचललं.

अडीच वाजता नाना खाली पत्रपेटी बघायला म्हणून गेले आणि येताना सर्वज्ञांना घेऊन आले. सर्वज्ञ म्हणजे वरच्या मजल्यावरचे शेजारी. हे नाव नानांनीच ठेवलेलं, आणि ते त्यांना ठाऊक नव्हतं अशी नानांची समजूत होती. नळ गळो, लिफ्ट अडको, कोणाच्या गुडघ्याला सूज येवो, सर्वज्ञांकडे उत्तर तयार असे. ते थेट सुनेच्या खुर्चीत बसले.

"नवा ड्रायव्हर कधी घेऊ नये," ते म्हणाले. "दोन वर्षांपूर्वीचा घ्यायचा. तेव्हाच्या मालात दम होता."

दोन वर्षांपूर्वीचा ड्रायव्हर शोधला, उतरवला, बसवला. नानांनी आठवी आणि नववी रेघ ओढली. या खेपेला मात्र सुनेने कार्डाच्या सेटिंगची खिडकी उघडायचा प्रयत्न केला आणि तिथे एक ओळ उमटली: या ग्राफिक्स कार्डाला कोणताही डिस्प्ले जोडलेला नाही.

सर्वज्ञ मोठ्याने हसले. "आता हे ऐका! समोर एवढा ढळढळीत स्क्रीन चालू आहे, आणि हे म्हणतं जोडलेलाच नाही. पुरतं डोकं फिरलंय याचं. फॉरमॅट मारा, दुसरा इलाज नाही."

"काका, फॉरमॅट मारून सगळे प्रोग्राम पुन्हा घालायचे म्हणजे रात्रच होईल," सून म्हणाली. घड्याळात चारला दहा कमी होते. "समिती महिन्यातून एकदाच बसते. आज नाही दाखवलं तर काम दुसऱ्याला जाईल."

"मग माझ्याकडे शब्द नाहीत," सर्वज्ञ म्हणाले. ही घटना इमारतीच्या इतिहासात प्रथमच घडत होती.

सुनेने आणखी काही खटपटी केल्या. मग ती उठली, फोन उचलला आणि गॅलरीत गेली. बाई त्याच वेळी चहाचा ट्रे घेऊन खोलीत आल्या. स्क्रीनवर ती ओळ अजून तशीच होती, आणि अक्षरं मोठी असल्यामुळे बाईंना चष्म्याशिवायही वाचता आली.

"डिस्प्ले म्हणजे काय हो?" त्यांनी विचारलं.

"स्क्रीन," सर्वज्ञ कप उचलत म्हणाले.

"कार्डाला स्क्रीन जोडलेला नाही, असं म्हणतंय का ते?"

"म्हणू दे. वेडं आहे ते."

बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. अकरा वर्षांत त्यांनी ही तक्रार शंभरदा ऐकली होती. समोरचा म्हणतो, मला बेलच आली नाही. बोर्डवर तर लाईन जोडलेली दिसते. अशा वेळी फोन वेडा नसतो आणि लाईनही वेडी नसते, वायर दुसऱ्याच भोकात असते. कार्ड सकाळपासून खरं तेच सांगत होतं. दुभाष्या बिचारा नऊ वेळा मरून नऊ वेळा जन्माला आला, आणि बोलायला समोर कोणी नव्हतंच. स्क्रीन लावलाय वरच्या भोकात. तिथे लावला कोणी? बंद लाईन समजून खालच्या रांगेला टोपण लावलं कोणी?

त्या ट्रे हातात घेऊन गॅलरीच्या दारापर्यंत गेल्या आणि तिथेच थांबल्या. सून पाठमोरी उभी होती, फोनवर काहीतरी लिहीत होती. बाईंना आता सगळंच सुचायला लागलं. गुपचूप आत जाऊन वायर बदलली तर? कोणाला कळणार आहे? सर्वज्ञ तिथे बसलेत, त्यांना काय सांगायचं? "सहज हलवून पाहिली" म्हणावं? म्हणजे चूकही झाकली जाईल आणि वर शाबासकीही मिळेल. एकही कॉल चुकीच्या घरी गेला नाही, असं म्हणत आयुष्य गेलं, आणि घरातला एकुलता एक कॉल आपणच भलतीकडे जोडला. एका टेबलाला हात लावू नका म्हणाली होती, एका! तीन महिने राखलेला शब्द नेमका आज मोडला. आता ती पुन्हा कधी कशावर विश्वास ठेवेल? बाईंना रडू येईल असं वाटलं, आणि त्याचाच राग आला. ट्रेमधल्या चहावर साय धरली.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, आणि आवाज नको इतका मोठा लागला. "मी सकाळी तुझा डबा पुसला. वायरी काढून पुसला. स्क्रीनची वायर मी चुकीच्या भोकात घातली असणार. दुभाष्याचा काही दोष नाही. माझा आहे."

सून वळली. तिने बाईंकडे पाहिलं, मग हातातल्या फोनकडे, मग पुन्हा बाईंकडे.

"कुठल्या भोकात?"

"वरच्या. खाली टोपणं होती. टोपण असलं की लाईन बंद, म्हणून मी... चौथं टोपणही मीच बसवलं. जमिनीवर पडलं होतं."

"ते मी काढून टाकलं होतं, आई! स्क्रीन लावायला! खालची रांग कार्डाची, वरचं भोक कॉम्प्युटरचं स्वतःचं, साधं!"

फोन खिशात टाकून सून धावली. बाई ट्रेसकट मागे धावल्या. सुनेने कॉम्प्युटर बंद केला, डबा ओढून पाठ उजेडात घेतली आणि ती चार टोपणांची शिस्तबद्ध रांग पाहून जमिनीवर फतकल मारून बसली. बाईंना वाटलं, आता ही बोलणार, आणि बोलायलाच हवं. सुनेचे खांदे हलायला लागले. बाई घाबरून खाली वाकल्या, तर ती हसत होती. तोंडावर हात दाबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

"कसलं टापटीप बसवलंय!" ती कशीबशी म्हणाली. "मी आठ वर्षं हे काम करतेय आई, चाचपून बघितलं आणि घट्ट आहे म्हणाले. वाकून बघितलं नाही एकदाही." तिने वायर उपसून बाईंच्या हातात दिली. "तुम्हीच लावा."

"मी? आता परत?"

"तुम्हीच. अकरा वर्षांचा हात आहे. चला, चार पंचवीस झाले."

बाईंनी टोपण काढलं, वायर लावली. या वेळी नीट बघून लावली. सून उठली, बटण दाबलं. स्क्रीन काळाच राहिला. नानांनी दहावी रेघ ओढायला पेन्सिल टेकवली आणि तशीच धरून ठेवली. मग एक बारीक उजेड आला आणि त्यामागून सगळं चित्र उमटलं, लहान, रेखीव, लखलखीत. वाचनालयाचं दालन उघडलं. ते वळलं, पुढे सरकलं. उंच खिडकीतून ऊन आत आलं आणि लाकडी जमिनीवर लांबच लांब पसरलं. बाईंनी हे चित्र आजवर पाहिलंच नव्हतं. टेबलाकडे फिरकायचं नाही म्हणजे नाही, असं त्यांनीच ठरवलं होतं ना.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "इथे तर बसून वाचावंसं वाटतंय."

"मी म्हणतच होतो," सर्वज्ञ म्हणाले, "दोष ड्रायव्हरमध्ये नसून जोडणीत आहे." नानांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

पाच वाजता सून आत गेली आणि दार लावून घेतलं. बाहेर तिघं जण दाराकडे कान देऊन बसले. सर्वज्ञांनाही घरी जावंसं वाटेना. आतून सुनेचा आवाज येत होता, आधी भरभर, मग सावकाश. कोणीतरी म्हाताऱ्या आवाजात खिडकीजवळची बैठक पुन्हा दाखवा म्हणालं. मग पुन्हा एकदा. मग कपाटांच्या उंचीवरून समितीतच जुंपली आणि सून गप्प बसली. पावणेसहाला दार उघडलं.

"कपाटं एक खण खाली आणायची," ती म्हणाली. "खुर्च्यांचं कापड बदलायचं. आणि काम सोळा तारखेपासून सुरू."

नानांनी टाळ्या वाजवल्या. सर्वज्ञांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं, त्यात स्वतःचंही थोडं करून घेतलं, आणि ते वर गेले. बाई मात्र स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशी उभ्या राहिल्या. आनंद होता, पण त्यात सकाळचं फडकं अजून टोचत होतं. सून मागोमाग आली.

"आई, एक दाखवायचंय." तिने फोन पुढे केला.

जुन्या साहेबांना लिहिलेला संदेश होता. एकच ओळ. सर, माझं इथे काही जमत नाही, सोमवारपासून येते. खाली पाठवायचं बटण, आणि ते दाबलेलं नव्हतं.

"गॅलरीत मी हेच लिहीत होते," सून म्हणाली. "लिहून झालं होतं. अंगठा नुसता टेकवायचा होता, तेवढ्यात तुम्ही हाक मारलीत."

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. त्यांनी ओट्याच्या कडेला हात टेकवला.

"मी तुझ्या मागेच उभी होते गं," त्या म्हणाल्या. "दारात. सांगावं की गुपचूप वायर बदलावी, असा विचार करत. चांगली चहावर साय येईपर्यंत."

"हो?"

"हो. आणखी एक सांगते. बदलणारच होते. पाय वळलाही होता."

बाईंनी नजर खाली घेतली नाही. मग सून त्यांच्या शेजारी ओट्याला टेकून उभी राहिली, खांद्याला खांदा लावून, आणि फोन दोघींना दिसेल असा धरून तिने ती ओळ पुसायला घेतली. एकदम पुसता आली असती, पण ती एकेक अक्षर मागे घेत होती. शेवटचं अक्षरही गेलं.

"आता काय लिहू?" सुनेने विचारलं.

"लिही," बाई म्हणाल्या, "येत नाही म्हणावं. इथली लाईन चालू आहे."